पाठ पुसणाऱ्या आयाबाई

सोलापूरच्या दवाखान्यात आई महिनाभर होती. वॉर्डातल्या आयाबाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. तो पाहून आई म्हणाली, "हिच्या हातचं पाणी नको." शेजारच्या बायकाही तेच म्हणू लागल्या.

मी ओशाळून माफी मागितली, तर बाई हसल्या. "पाणी नको म्हनतात, पन पाठ पुसू देतात की. लई झालं."

रोज कोमट पाण्यात फडकं पिळून त्या हलक्या हातानं आईची पाठ पुसत आणि जाताना खाटेपाशी क्षणभर डोळे मिटत.

घरी निघताना आईनं विचारलं, "डोळे मिटून काय मागतेस गं?"

"तुमाला झोप लागावी, येवढंच."

आई म्हणाली, "मी घरी गेल्यावरही माग हं."

आई आता नाही. त्या दवाखान्यावरून जाताना वाटतं, बाई अजून मागत असतील.