माद्रिदला दोघींनीच जायचं होतं

नव्वदच्या दशकातला एक नोव्हेंबर. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचं आमचं किचन, टेबलावर माद्रिदचा नकाशा पसरलेला, आणि त्याच्यावर नेमकी मी आमटीची वाटी टेकवली. एका चौकाला पिवळा डाग पडला... केतकी म्हणाली, बरं झालं, आता हा चौक तरी चुकणार नाही.

केतकी म्हणजे माझी लेक. तेव्हा बारावीत होती, पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी पार कॅलिफोर्नियाला जायची होती. त्याआधी फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही दोघींनीच चार दिवस माद्रिदला जायचं ठरवलं. ह्यांना ऑफिसातून रजा नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते आमच्या पथ्यावरच पडलं होतं.

माद्रिदच का... तर केतकी शाळेत स्पॅनिश शिकत होती. तिच्या कॅसेट ऐकून ऐकून, पोळ्या लाटता लाटता, मलाही थोडंफार येऊ लागलं होतं. माझी शाळा जेमतेम अकरावीपर्यंत. पुढे जे आलं ते असंच, कानावर पडून आणि लायब्ररीतली पुस्तकं चाळून.

घरात मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचं मराठी लंगडं, माझं इंग्रजी लंगडं. स्पॅनिशमध्ये मात्र दोघी सारख्याच लंगड्या... कोणी कोणाला हसायचा प्रश्नच नव्हता, हसलो तर दोघी मिळून.

"दोस चोकोलातेस, पोर फावोर." म्हणजे दोन हॉट चॉकलेट द्या हो. हे वाक्य आम्ही किती घोकलं असेल... ती वेटर व्हायची, मी गिऱ्हाईक. त्या महिन्यात पोरगी माझ्याशी जेवढं बोलली, तेवढं आधीच्या तीन वर्षांत बोलली नव्हती.

मग इथल्या मराठी मंडळाची दिवाळी आली, नेहमीप्रमाणे जरा उशिराच. शाळेच्या कॅफेटेरियात पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. शेजारी माझी जुनी मैत्रीण शैला बसली होती. मी तिला माद्रिदचं सांगितलं, ती 'अय्या, मज्जा आहे' म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं... "चला ना तुम्हीही."

आपल्याकडे असं म्हणायची रीतच आहे. दारात चपला घालणाऱ्याला 'जेवूनच जा' म्हणतो ना, तसं. समोरच्याने 'छे गं, पुढच्या वेळी' म्हणायचं असतं. शैला तसं म्हणाली नाही...

तिचे यजमान प्रकाशराव चकलीची बशी घेऊन मागेच उभे होते. आठ दिवसांत त्यांनी सगळी सूत्रं हातात घेतली. आणखी एक कुटुंब जोडलं, शाकाहारी जेवण कुठे मिळतं त्याची यादी केली, भाताचा कुकर कोणाच्या बॅगेत जाणार तेही ठरलं. दोघींचे बारा झाले.

मला एक फोन करून सांगता आलं असतं, की बाई गं, हे आम्हा मायलेकींचं आहे. रोज फोनपर्यंत जायची आणि परत फिरायची. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

केतकीच्या कॅसेट वाजायच्या बंद झाल्या, नकाशा कपाटात गेला. जानेवारीत एकदा मी भांडी विसळत होते, तेव्हा म्हणाली, "यू गो, आई. आय हॅव अ टेस्ट." टेस्ट नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

मी तिला समजावत बसले. तिकिटं काढून झालीत, लोक काय म्हणतील, शैलामावशी तुझे किती लाड करते... तिने सगळं ऐकून घेतलं. आणि मग, जी माझ्याशी कधी मराठीत बोलत नसे, ती हळूच मराठीत म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

मी गेले... माद्रिद सुंदर होतं. कडक थंडी, पण ऊन स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी चॉकलेटच्या दुकानात सगळ्यांनी मलाच पुढे केलं, सुधाला स्पॅनिश येतं म्हणून. मला आकडे दहापर्यंतच येत होते, आणि केतकी गळाल्यावर आम्ही अकरा होतो.

प्रकाशरावांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग वर एक, आणि काम झालं. सगळे हसले, मीही हसले.

परतीच्या विमानात शैला शेजारी होती. शाल गुंडाळून घेत म्हणाली, "खरं सांगू का सुधा, एवढ्या थंडीत कुठे जायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण तू चला म्हणालीस, मला वाटलं तुला सोबत हवीय. नाही कसं म्हणायचं?"

तिला यायचं नव्हतं, मला ती यायला नको होती... आणि जिला यायचं होतं ती घरी.

नेवार्कला हे आणि केतकी घ्यायला आले. तिने माझी बॅग उचलली, कशी झाली ट्रिप विचारलं, मी छान म्हटलं. तिथेच म्हणायला हवं होतं, चुकलं गं माझं. पण वाटलं, आपलंच माणूस आहे, सावकाश बोलू, कुठे पळून चाललंय... ऑगस्टमध्ये गाडीत सामान भरून ती गेली.

आता तीही दोन मुलांची आई आहे. आठवड्याला फोन होतो, मायेने होतो. पण माद्रिदचं नाव आजवर ना तिने काढलं, ना मी.

आज हे सगळं एका दमात लिहिलं खरं, पण जिच्यासाठी लिहिलं तिला देवनागरी वाचता येत नाही. रविवारी फोनवर मीच वाचून दाखवावं म्हणते... ऐकायचंय का, ते आधी तिला विचारून.