वरची वायर, खालची वायर

माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं साधं होतं. स्पीकरांचा जुना रिसीव्हर भंगारात घाल, मी साउंडबार आणतो. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर नवी वस्तू हाच इलाज सुचतो. मी म्हटलं, आणलास तर तसाच परत नेशील.

नुसता हट्ट नव्हता. म्हणजे थोडा होताच. माझी नजर कडेकडून मिटत चालली आहे. समोरचं नीट दिसतं, पण नळीतून पाहावं तेवढंच, आणि ही नळी अरुंद होत जाणार असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. पनवेलची नोकरी सोडून मी मुरुडजवळच्या घरी आलो. स्कूटर विकली. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाणं सोडलं. गेम मात्र सोडणार नव्हतो. एकेक गोष्ट हातातून जात असताना माणसाने कुठेतरी पाय रोवावेत, मी कन्सोलपुढे रोवले. पन्नाशीचा बाप्या राक्षस मारत बसतो याचं गावाला हसू येतं. येऊ दे.

अडचण अशी की राक्षस नेहमी कडेने नाहीतर मागून येतो. टीव्हीच्या आवाजात सगळेच समोरून आल्यासारखे वाटतात, त्यामुळे मी रोज मरत होतो. वडिलांनी हौसेने घेतलेला रिसीव्हर आणि खोलीभर लावलेले पाच स्पीकर घरातच होते. पावलं कुठून येतायत हे कानांनी सांगितलं, तर डोळ्यांच्या कडांवाचून माझं काही अडत नव्हतं.

पण रिसीव्हर इतका जुना की त्याला एचडीएमआयचं भोकच नाही, आणि कन्सोलला दुसरं काही नाही. म्हणून कन्सोल टीव्हीला जोडला आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरला. आवाज आला, पण दोनच स्पीकरमधून. टीव्ही पाचांचा घेऊन दोघांचाच पुढे देत होता, मधल्या दलालासारखा. मग त्याला टाळणारी काड्यापेटीएवढी एक डबी मागवली. कन्सोलची वायर तिच्यात, तिच्यातून चित्र टीव्हीला आणि आवाज थेट रिसीव्हरला. तरी दोनच! डबीवरचं बटण पाच-एकवर, म्हणजे पाच स्पीकरांच्या खुणेवर, सरकवायचं राहिलं होतं आणि कन्सोलला सांगायचं होतं की आवाज गाठोड्यासारखा दाबून पाठव, कारण त्या वायरीतून पाचांचा आवाज सुटा जात नाही, दाबूनच जातो. तसं केलं आणि रिसीव्हरवर पाचही चौकोन पेटले. मी एवढ्या मोठ्यांदा ओरडलो की बायको आतून धावत आली. "अहो, काय चावलं का काय?"

आनंद फार टिकला नाही. पावलं मागे वाजली म्हणून वळलो, तर मागे भिंत, आणि राक्षसाने पुढून येऊन मला आडवा केला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. भावाला फोन केला, तर म्हणाला, "दादा, मेलाय तो जुना डबा. रविवारी गाडी घेऊन येतो, उचलून नेतो." खरं सांगतो, घाबरलो. डबा मेला असता तर दुःख नव्हतं. माझे कानही गेले की काय, अशी भीती वाटली.

रिसीव्हरमागे वायरींच्या टोकांना वडिलांनी चिकटपट्ट्या लावल्या होत्या. 'वर' आणि 'खाली'. दोन स्पीकर माझ्या मागच्या भिंतीवर उंच, दोन टीव्हीच्या बाजूंना जमिनीवर, पाचवा टीव्हीखाली मधोमध. वर म्हणजे उंचावरचे असं धरून मी त्या वायरी मागच्या स्पीकरांच्या खाचांत बसवल्या होत्या. पुन्हा तपासत बसलो होतो, तेवढ्यात बायको पडवीतून म्हणाली, "खालून झड येतेय, कपडे वरच्या अंगाला टाकते हां." मी उडालोच. आमच्याकडे वर म्हणजे डोंगराकडे, खाली म्हणजे समुद्राकडे. वडील आयुष्यात दुसरं 'वर' बोलले नाहीत. टीव्ही डोंगराकडच्या भिंतीला, म्हणजे 'वर' हे पुढचे स्पीकर! पनवेलला राहून मी 'वर' नेऊन आढ्याला टांगलं होतं. वायरींची अदलाबदल केली, आणि कान जागेवर आले.

रविवारी भाऊ खरंच खोका काखेत मारून आला आणि दारातच थांबला. मी खेळत होतो. उजवीकडे मागे पावलं वाजली, मी वळलो, मारला. डावीकडून दुसरा आला, त्यालाही मारला. भावाने खोका खाली ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "आणि समोरचंही दिसेनासं झालं तर?"

घरात हे आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी राहिली.

"तेव्हा ऐकून मारीन," मी म्हटलं. "तू बस. आणि तो खोका वाटेतून उचल, मला तो दिसत नाही."