मॅलकी ट्यूहीने मागून घेतलेली तक्रार

मॅलकी ट्यूही एक नंबरचा खुळा, असं आमच्या डूनमॉइलमध्ये अजूनही म्हणतात. म्हणोत. मी फिन्टन, त्याचा मेहुणा आणि त्या काळचा डूनमॉइल क्लबचा सेक्रेटरी. खुळा कोण होता ते मला विचारा.

मॅलकी ओढ्यापलीकडच्या किलकाराचा. सातव्या वर्षी हातात हर्लिंगची, म्हणजे आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाची, काठी आली, सोळाव्या वर्षी तो मोठ्यांच्या संघात होता. पुढचे तीन दात गेले, दोन बोटं वाकडी झाली, पण हवेतला चेंडू खुडावा तर त्यानेच. मग माझ्या बहिणीशी, उनाशी, लग्न करून तो आमच्या बापाच्या घरी राहायला आला. आमच्याकडे जो ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत, झोपतो, त्याने त्याच पॅरिशकडून खेळायचं.

"आता आमचा झालास," मी म्हणालो.

"बायको तुमच्यातली केली, फिन्टन. जर्सी माझ्याच गावची."

पॅरिशची हद्द नेमकी त्या घरातून जायची. स्वयंपाकघर डूनमॉइलमध्ये, मागची ओलसर खोली किलकारात. पठ्ठ्याने आपला पलंग उचलून मागच्या खोलीत नेला!

सदुसष्ट साली काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फायनलला डूनमॉइल आणि किलकारा हेच दोन संघ समोरासमोर आले. मॅलकी खेळला असता तर आमची धडगत नव्हती. मी काउंटीकडे तक्रार ठोकली: मॅलकी झोपतो डूनमॉइलमध्ये, त्याला किलकाराकडून खेळता येणार नाही. सभेत अध्यक्षांनी माझा कागद दिव्यासमोर धरला. तक्रार देशी कागदावरच हवी, हा नियम. माझ्या कागदात इंग्लंडच्या कारखान्याची छाप! तक्रार बाद. सगळा हॉल खदखदून हसला.

मॅलकी उठला, शेजारच्या दुकानातून देशी कागद आणला आणि माझ्यापुढे आपटला.

"लिही परत."

"डोकं फिरलं का तुझं?" किलकाराचा कॅप्टन ओरडला. "सुटलास ना!"

"कागदामुळे सुटलो असं उद्या कुणी म्हणायला नको. विचारू देत काय विचारायचं ते."

मला लाज वाटली. तरी लिहिलं.

अध्यक्षांनी विचारलं, "रोज मागच्या खोलीतच झोपतोस?"

"नाही. सासऱ्यांना रात्री खोकल्याची उबळ येते. मागच्या हिवाळ्यापासून मी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ बाकावर झोपतो."

"अरे, एखाददुसरी रात्र म्हण!" कॅप्टन कळवळला.

"रोज," मॅलकी म्हणाला. "आणि उद्याही तिथेच झोपणार. काय करायचं ते करा."

निकाल लागला: खेळायचं तर डूनमॉइलकडून. तो कुणाकडूनच खेळला नाही. फायनल आम्ही जिंकलो. पुढे दरवर्षी मी आमच्या क्लबात नाव घालायचा फॉर्म घेऊन त्याच्याकडे जायचो आणि दरवर्षी तो मला चहा पाजून कोरा फॉर्म परत द्यायचा. ऐन उमेदीची चार वर्षं अशी गेली. म्हातारा वारल्यावर तो उनाला घेऊन ओढ्यापलीकडे राहायला गेला. चाळिशीपर्यंत किलकाराकडून खेळला, दोन फायनल हरला आणि दोन्ही वेळा मान ताठ ठेवून मैदानाबाहेर आला.

त्याला खुळा म्हणणाऱ्यांना मी आता सरळ सांगतो. ज्याच्या खोकल्याला तो रात्री उठायचा, तो बाप माझा होता. मी तिथून दोन शेतं पलीकडे राहत होतो. चार वर्षांत एकाही रात्री गेलो नाही.