उन्तोची बिनकराची गाडी

उन्तो हापाकांगास हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या गावात तसे सगळेच कमी बोलतात, पण उन्तोची गोष्टच वेगळी. बर्फ पडो, ऊन पडो, कुणी काही विचारलं की हा ‘हं’ म्हणणार आणि चालू पडणार. जंगलात लाकूडतोड करायचा. मग मोठी यंत्रं आली, दहा माणसांचं काम एकटं यंत्र उरकायला लागलं, आणि गावातले निम्मे बाप्ये पोटासाठी बोटीत बसून शेजारच्या देशात, स्वीडनला गेले. उन्तोही गेला. गोथेनबर्गला मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायला लागला आणि तिथेच त्याची वर्षं गेली.

लग्न केलं नाही. का केलं नाही हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तरी ‘हं’ हेच उत्तर मिळालं असतं. त्याचं माणूस म्हणाल तर एकच, थोरली बहीण साइमी. आई गेली तेव्हा उन्तो इतका लहान होता की त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. साइमीने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, त्याच्या पाठीत धपाटे घातले आणि त्याच्यापायी स्वतःचं लग्न दोनदा मोडलं. उन्तो परदेशी गेला, ती मात्र मागे राहिली, जुन्या घरात, दोन गाईंबरोबर. पुढे गाईही गेल्या. मग रविवारच्या रविवार फोनवर बोलणं, हाच काय तो तिचा सोहळा.

साइमीचं कंबरडं धरलेलं असायचं. तालुक्याला जायचं तर फाट्यावर दुधाच्या कॅनच्या लाकडी फलाटाशी उभं राहून बसची वाट बघायची, मग थंडी कितीही असो. म्हणून उन्तोने एकदाच काय ते लांबलचक वाक्य उच्चारलं होतं. म्हणाला, ‘‘साइमी, मी कायमचा परत येईन ना, तेव्हा गाडी घेऊन येईन, आणि मग तू त्या फलाटाशी पुन्हा उभी राहायची नाहीस.’’

साइमीने ही गोष्ट आख्ख्या गावाला सांगितली.

आता गाडी आणणं म्हणजे खायचं काम नव्हतं. आमच्या देशात बाहेरची गाडी आणली, मग ती जुनी असो की खटारा, की सरकार त्यावर असा कर लावायचं की त्या पैशात तिकडे दुसरी गाडी आली असती. फक्त एकाला सूट होती. बरीच वर्षं तिकडे राहून जो कायमचा घरी परततोय, त्याला स्वतःची वापरातली गाडी बिनकराची आणता यायची. अट अशी, की परतण्याआधीचं पूर्ण वर्ष गाडी त्याच्या नावावर हवी, आणि त्या वर्षात त्याने ठरावीक दिवसांपेक्षा जास्त इकडे मुक्काम करायचा नाही. सरकारचं म्हणणं एवढंच, की बाबा, तू खरोखर तिकडे राहत होतास, की गाडीपुरता पत्ता दिलास?

उन्तोने निळी व्होल्वो घेतली. जुनीच होती, पण त्याने ती अशी काही चकाचक ठेवली होती की बघत राहावं. वसंत ऋतूच्या शेवटी वर्ष पूर्ण व्हायचं होतं. तोवर दिवस जपून वापरायचे होते.

हे दिवस कसे मोजतात, ते त्याला सांगितलं विल्योने. विल्यो म्हणजे आमच्या गावचा दुसरा स्वीडनकर. तो दोन वर्षं आधी परत आला होता, थाटात गाडी घेऊन, आणि जकात कचेरीने त्याला असा काही दणका दिला की बिचाऱ्याला गाडी विकून कर भरावा लागला. उन्हाळ्यात सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरात बसून, घामाने निथळत, विल्यो उन्तोला म्हणाला होता, ‘‘अरे, चोर आहेत लेकाचे! बोट संध्याकाळी लागली तरी तो आख्खा दिवस धरतात. सकाळी निघालास तर तोही आख्खा. रस्त्यातला दिवससुद्धा सोडत नाहीत. आणि वर आपल्याच गावातली माणसं चुगली करायला टपलेली.’’

चुगली म्हणजे एल्माबाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक होतं असं सगळे म्हणायचे. एल्माबाईचं घर बरोबर फाट्यासमोर, आणि खिडकीचा पडदा कायम बोटभर सरकलेला. कुणाकडे स्वीडिश नंबरची गाडी किती दिवस उभी आहे, हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं.

आता तुम्ही म्हणाल, उन्तोने सरळ कचेरीत जाऊन विचारायचं ना! पण तसं आमच्याकडे कुणी करत नाही. कचेरीत विचारायला गेलं की कचेरीला आपलं नाव कळतं, आणि एकदा नाव कळलं की काही ना काही मागे लागतंच, अशी आमची पक्की समजूत. त्यापेक्षा सौनात जे कानावर पडेल ते खरं धरायचं. मला तर आजही या समजुतीचा राग येतो.

तर उन्तो विल्योच्या हिशेबाने दिवस धरत गेला. मध्य उन्हाळ्याच्या सणाला आला, बटाटे काढायला आला, नाताळला येऊन आईवडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून गेला. परत जाताना साइमीला म्हणाला, ‘‘संपले बघ. आता एकदम गाडी घेऊनच.’’

‘‘मग काय, चांगलंच आहे,’’ साइमी म्हणाली. ‘‘तोवर मी गोठा रिकामा करून ठेवते. तुझ्या राणीला राहायला जागा नको का?’’

थंडी सरत आली तसं साइमीचं पोट दुखायला लागलं. आधी तिने ते कंबरेवर घातलं, मग जेवणावर घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आली, बसनेच. रविवारच्या फोनवर मात्र अवाक्षर नाही. बर्फ किती वितळलं, विल्योचा कुत्रा कसा विहिरीत पडला होता, हेच सगळं.

मग एका बुधवारी गोथेनबर्गला उन्तोच्या खोलीतला फोन वाजला. बुधवारी त्याला कधी फोन येत नसे.

‘‘मी एल्मा,’’ पलीकडून आवाज आला. परदेशात फोन करायचा म्हणून बाई ओरडून बोलत होती. ‘‘उन्तो, ऐकतोयस ना? तू ये.’’

‘‘का?’’

‘‘साइमीचं ठीक नाही रे. ती तुला सांगायची नाही. मलाही तिने शपथ घातलीय, पण शपथेला घाल चुलीत. तू ये, पोरा.’’

उन्तोची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

‘‘दिवसांचं मनात आणू नकोस,’’ एल्माबाई म्हणाली. ‘‘मी मोजत नाहीये.’’

त्या बाईने हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मनापासूनच बोलली असेल, पण उन्तोच्या डोक्यात भलतंच शिरलं. मोजत नाहीये म्हणजे एरवी मोजते! हिनेच विल्योला अडकवला, आणि आता आपल्याला गोडीगुलाबीने बोलावून घेते आणि दुसऱ्या दिवशी कचेरीला कळवते. ‘‘बघतो,’’ एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवार येईपर्यंत थांबवेना म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी साइमीला फोन लावला.

‘‘एल्माने फोन केला होता,’’ तो म्हणाला.

‘‘तिला काय दुसरे उद्योग नाहीत. काय म्हणाली?’’

‘‘तू आजारी आहेस म्हणाली. खरं सांग.’’

‘‘खरंच सांगते. पोट जरा धरतं. वय झालं आता, नको का काही दुखायला?’’ मग ती थांबली. तिने फोन तोंडापासून लांब धरला होता, तरी उन्तोला तिचा श्वास ऐकू आला. मोठमोठे श्वास, दोन, तीन, चार. मग पुन्हा तिचा तोच चेष्टेचा सूर. ‘‘हे बघ, थोडक्यासाठी वर्ष वाया घालवशील तर बघ. मी सगळ्या गावाला सांगून बसलेय. तू गाडीशिवाय आलास तर मी तोंड कुठे लपवू?’’

‘‘मी येऊ का?’’

‘‘अजिबात नाही.’’

उन्तोला ते श्वास ऐकू आले होते. ते पुढे कधीच त्याच्या कानातून गेले नाहीत. पण त्या वेळी त्याला ‘अजिबात नाही’ हेच ऐकायचं होतं, म्हणून त्याने तेवढंच ऐकलं. बहीण नाही म्हणतेय, गाडी खाली उभी आहे, थोडेच आठवडे उरलेत. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याला कितीतरी कारणं सापडतात. उन्तो कामावर गेला आणि दारं बसवत राहिला.

साइमी गेली ती वर्ष भरायला जेमतेम तीन आठवडे उरले असताना. दवाखान्यातून फोन कारखान्यात आला. फोरमनने त्याला बोलावून घेतलं, खुर्चीत बसवलं आणि मग सांगितलं. त्याच संध्याकाळी उन्तोने स्टॉकहोमहून बोट पकडली. गाडी नेली नाही. दिवसांचा विचार तेव्हा त्याच्या मनात आलाही नसेल. आला असेल तर स्वतःची शिसारी येण्यापुरताच.

अंत्यविधीनंतर चर्चच्या दालनात कॉफी झाली. माणसं आली, टोप्या हातात घेऊन उभी राहिली, वेलचीचा गोड पाव खाल्ला आणि गेली. शेवटी एल्माबाई राहिली. तिने त्याच्या कपात कॉफी ओतली आणि समोर बसली.

‘‘मी फोन केला होता,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘शेवटच्या आठवड्यात ती सारखी खिडकीकडे बघत होती. मी विचारलं, उन्तोला बोलावू? तर म्हणाली, नको, त्याची गाडी जाईल. आणि पुन्हा खिडकीकडे बघायची.’’

उन्तोने कप खाली ठेवला. म्हणाला, ‘‘मला वाटलं, तू मला अडकवतेयस. विल्योसारखं.’’

‘‘मी?’’ एल्माबाईचे डोळे भरून आले, आणि तशातही तिचा आवाज चढला. ‘‘अरे मेल्या, विल्योचं नाव मी कशाला देऊ? तो त्या वर्षात दोन महिने इथे बंदूक घेऊन जंगलात मूसच्या मागे हिंडत होता. आणि अक्कल बघ, जकातीतल्या साहेबाला खूश करायला मूसचं मांस घेऊन गेला, आणि मी स्वतः मारलाय म्हणून शिकारीची तारीखवार गोष्ट सांगत बसला! त्याला कशाला लागते चुगली?’’

एल्माबाईने त्याच्या हातावर हात ठेवला, आमच्याकडे असं कुणी करत नाही, आणि दोघं तसेच बसून राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी तो परत गेला. नोकरी सोडायची होती, खोली रिकामी करायची होती, गाडी आणायची होती. आता ती कशासाठी आणायची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण तिथे टाकून येववत नव्हतं. सगळं उरकेपर्यंत वर्ष भरलं, आणि उन्तो निळी व्होल्वो बोटीत घालून कायमचा परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तालुक्याला जकात कचेरीत गेला. बँकेतून सगळी शिल्लक काढून पाकिटात घालून नेली होती. माझी तर खात्री आहे, तो तिथे कर भरायलाच गेला होता. सूट गेली म्हणून भरावा लागतोय म्हणून नव्हे. त्याला तो भरायचाच होता. ती रक्कम तिथे टाकली की छातीवरचं काहीतरी गुंजभर तरी हलकं होईल, असं त्याला वाटत होतं.

टेबलामागे एक तरुण बाई होती, हसऱ्या चेहऱ्याची. उन्तोने गाडीची कागदपत्रं ठेवली, बोटीची सगळी तिकिटं ठेवली, आणि म्हणाला, ‘‘मी जास्त दिवस राहिलो. कर किती ते सांगा.’’

‘‘अहो, थांबा, आधी मोजू तर द्या,’’ बाई म्हणाली. ‘‘तुम्हीच निकाल देऊन मोकळे झालात.’’

तिने तिकिटं ओळीने मांडली. पेन्सिलने टिपत गेली. मग मान वर करून म्हणाली, ‘‘जास्त कुठे? नियमात बसताय तुम्ही. आठवडाभर दिवस उरलेत उलट.’’

‘‘नाही,’’ उन्तो म्हणाला. ‘‘पुन्हा मोजा.’’

‘‘बरं, हे बघा. तुम्ही आलात तो दिवस, गेलात तो दिवस आणि रस्त्यातले दिवसही धरलेत का? ते प्रवासाचे. ते आम्ही धरत नाही.’’

‘‘पण वसंतातली खेप... अंत्यविधीला आलो होतो.’’

‘‘तीही धरलीय,’’ तिचा आवाज जरा मऊ झाला. ‘‘सगळं धरून आठवडा उरतो. ती खेप सोडली, तर तेव्हा तुमच्या हातात जवळजवळ दोन आठवडे होते.’’

उन्तो टेबलाची कड धरून उभा राहिला. बाईला वाटलं, माणूस आनंदाने थक्क झालाय. ‘‘रडकुंडीला येऊन जाणारेच जास्त इथे,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यासारखं नशीब थोड्यांचं. गाडी बिनकराची झाली, जा आता घरी.’’

उन्तोने खिशातून पाकीट काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

‘‘हे काय?’’

‘‘कर.’’

‘‘अहो, कर लागतच नाही म्हणतेय ना मी.’’

‘‘घ्या,’’ उन्तो म्हणाला. आयुष्यात त्याने कुणापुढे हात पसरला नव्हता, पण आता तो विनवत होता. ‘‘घ्या हो. थोडा तरी घ्या.’’

बाई गोंधळली. तिने पाकिटाला हात लावला नाही. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. ‘‘असं कसं घेणार?’’ ती हळूच म्हणाली. ‘‘पावती द्यावी लागते. कशाचा कर म्हणून लिहू?’’

‘‘दोन आठवड्यांचा,’’ उन्तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर, कचेरीत उभ्या उभ्या, तोंडावर टोपी धरून रडायला लागला.