कुंकवाचा टच

"मॅडम, मी हात बी लावला न्हाई. आपोआप 'लोड झालं' म्हणतंय."

चाकणमधल्या एका पार्ट्स कंपनीचे डिस्पॅच इन-चार्ज येळवंडे यांनी हँडहेल्ड माझ्यापुढे धरला. हँडहेल्ड म्हणजे बारकोड वाचणारा जाडजूड फोन. पॅलेट, म्हणजे माल रचलेली लाकडी चौकट, जमिनीवरच होतं. स्क्रीनवर मात्र ते ट्रकमध्ये चढलं होतं.

आमच्या नव्या ॲपची त्या दिवशी ट्रायल होती. आमचं ऑफिस तळवड्यात. ॲपचे स्क्रीन मी केलेले. ट्रायल फसली तर येळवंडे ॲप स्वीकारल्याची सही देणार नव्हते. जुने हँडहेल्ड त्यांनी कपाटात चार्ज करून ठेवले होते.

ते विंडोज मोबाइलवर चालायचे. आजच्या टचफोनच्या आधीची ही ऑपरेटिंग सिस्टीम, ओएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पडदाच आटवून तळहातावर ठेवलेला. कोपऱ्यात स्टार्ट मेनू, नखाएवढी बटणं, ती दाबायला प्लॅस्टिकची काडी. काडी हमखास हरवायची, म्हणून सगळं कीपॅडवरूनही करता यायचं. अँड्रॉइडवर येताना आम्ही कीपॅडची सोय बंद केली. मोठी रंगीत बटणं, बोट टेकवलं की काम. डेमोत सगळे खूश होते.

मी स्क्रीन तिरका करून पाहिला. हिरव्या बटणावर हळदी-कुंकवाची ओली बोटं उमटली होती. खंडेनवमी होती. फोर्कलिफ्टपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा नुकतीच झाली होती.

जुना पडदा दाबावा लागायचा, त्याला कुंकवाचं काही नव्हतं. नवी काच दाब बघत नाही. बोटामुळे तिच्यावरच्या विजेत होणारा बारीक बदल ओळखते. ओलं कुंकू तिला बोटच वाटत होतं.

मी मॅनेजरना, केदार सरांना, फोन लावला.

"अगं, पुसून टाक ना! त्यात काय?"

मी येळवंडेंना हळूच विचारलं.

"आज? पूजा केलेल्या हत्याराचं कुंकू आजच्या आज पुसायचं? न्हाई जमायचं, ताई."

फोर्कलिफ्टवरून सलीम ओरडला, "भाऊ, जुनेच काढा राव! दर साल कुंकू लावून घेतात, कधी कुरकुर केली नाय."

सगळे हसले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. येळवंडे खिशात कपाटाची किल्ली चाचपू लागले.

ऑफिसच्या मीटिंगा इंग्रजीत चालतात, तिथे मला त्याआड गप्प बसता येतं. इथे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सर, पुसायचं नाही," मी फोनवर म्हटलं. "त्या स्क्रीनचा टच बंद करते. बाजूला दोन स्कॅन बटणं आहेत. डावं वाचायला, उजवं कन्फर्म करायला."

"टेस्ट न करता?"

"आधी एकाच हँडहेल्डवर टाकते. इथेच."

सरांनी फोन ठेवून दिला. मी तो होकार धरला.

बटणांवर काम चालवणारा कीपॅडचा कोड आम्ही पुसला नव्हता, नुसता झाकला होता. खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी तो उघडला. येळवंडे मागे येरझाऱ्या घालत होते. पहिल्या वेळी दोन्ही बटणं स्कॅनच करू लागली. "झालं का?" "नाही." दुसऱ्या वेळी उजवं बटण दाबलं आणि पॅलेट कन्फर्म झालं. कुंकवावर मी मुद्दाम बोट ठेवून पाहिलं. स्क्रीन ढिम्म.

चुकीच्या नोंदी रद्द करून पुन्हा लोडिंग झालं. ट्रक उशिरा सुटला, पण माल बरोबर गेला.

येळवंडेंनी सही केली. "ती बटनं ऱ्हाऊ द्या आता. हातमोजं काढाय नको."

जुन्या ओएसमधलं काही काढायचं ठरलं, की ते मुळात कशासाठी ठेवलं होतं हे मी आता मीटिंगमध्ये विचारते. बहुतेक वेळा कोणालाच माहीत नसतं. मग मी ते काढत नाही.