कुंदनच्या अकरा सूचना

जळगावच्या एका कंपनीतून केळीचे कंटेनर परदेशी जातात. तिथले कॉम्प्युटर कुंदन चौदा वर्षं सांभाळतोय. रोज पाचोऱ्याहून गाडीने येतो, संध्याकाळी गाडीने परत जातो. पद मोठं, आयटी मॅनेजर; हाताखाली मात्र कुणीही नाही. प्रिंटरची शाई बदलण्यापासून त्रेचाळीस माणसांच्या मेलपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्यातल्या मेलनं त्याचं रक्त आटवलं होतं.

कंटेनर भरला की केळीचे चाळीस फोटो निघतात आणि मेलने सगळ्यांना जातात. मग प्रत्येक जण 'पाहिले' एवढंच लिहून ते चाळीसच्या चाळीस फोटो पुन्हा सगळ्यांना पाठवतो. सर्व्हर म्हणजे काही कुबेराचं कोठार नव्हे! दोन वर्षांत कुंदनने अकरा सूचना काढल्या. जागा संपत आली आहे, नको ते मेल पुसा, जपायचे ते वेगळे काढून ठेवायला मोठी डिस्क घ्या, नाहीतर एक दिवस मेल बंद पडेल. दर वेळी तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

पुसायचं सगळ्यांच्याच जिवावर येई. म्हणून लोकांनी शक्कल काढली. आपले जुने मेल ते झुलाल नानांच्या मेलबॉक्सात ढकलू लागले. नाना माल रवानगीचं काम बघायचे. सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन धुळ्याला, देवपुरात राहायला गेले. पण कंपनीचे थोरले मालक माणकचंदशेठ यांनी बजावलं होतं, "नानांचं नाव काढायचं नाही. ते आपले आहेत." त्यामुळे मेलबॉक्स चालूच. आपलं घर झाडायचं आणि केर शेजाऱ्याच्या ओट्यावर लोटायचा, तसलाच प्रकार. कुंदन नुसता दात-ओठ खात बसे.

अखेर गुरुवारी मेल बंद पडला. दिवसभर एकही मेल आला नाही, आणि दुबईची एक ऑर्डर हुकली. शुक्रवारी सकाळी तो आपसूक सुरू झाला, पण तोवर माणकचंदशेठचा नातू आणि आता कारभार बघणारा अर्हम याने कुंदनला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"कुंदनभाऊ, आधी सांगता आलं नाही?"

"अकरा वेळा सांगितलं, अर्हमशेठ. लेखी."

"मला तर एकही आठवत नाही. दाखवा. उद्या संध्याकाळपर्यंत दाखवलंत तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून हे काम पुण्याच्या एजन्सीला."

कुंदन जागेवर आला आणि कपाळाला हात लावून बसला. दुसऱ्यांना सांगण्याआधी आपण करावं, म्हणून त्याने स्वतःचा मेलबॉक्स आधीच धुऊन पुसून लख्ख केला होता. त्याच्याकडे एकही सूचना नव्हती. तो टेबलाटेबलाशी फिरला. दीपमालाकडे बघितलं, नवलकडे बघितलं. केळीचे फोटो होते, सणावारांच्या शुभेच्छा होत्या, सहा वर्षांपूर्वीच्या सहलीचं निमंत्रण होतं. पुसलं होतं ते फक्त एक: कुंदनच्या सूचना. सगळ्या कंपनीने मिळून साफसफाई केली ती एवढीच.

मग त्याला नानांचा मेलबॉक्स आठवला. सूचना सगळ्यांना जात, म्हणजे नानांनाही गेल्याच असणार. त्याने घाईघाईने तो उघडला. आत काहीच नव्हतं. लोकांनी टाकलेला ढीग नव्हता, सूचनाही नव्हत्या. गुरुवारी रात्री सगळा मेलबॉक्स रिकामा झाला होता, आणि जागा झाली म्हणूनच मेल सुरू झाला होता.

त्याने नानांना फोन लावला.

"हा, मीच पुसं," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "तूच त लिखेल व्हतं ना, जुनं ठेवू नका म्हनीसन. बठ्ठं पुसी टाकं. कचरापेटीबी साफ करी."

नानांच्या निरोप समारंभाच्या दिवशी कुंदननेच त्यांच्या फोनवर कंपनीचा मेल लावून दिला होता. तो विसरला, नाना विसरले नव्हते. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकलं, आणि त्यातच त्याची नोकरी बुडाली.

"नाना, माझ्या सूचनाही गेल्या हो," त्याचा आवाज चिरकला.

"जावा दे ना. मन्हा वही मा नोंद शे."

शनिवारी पहाटेच कुंदनने धुळ्याची एसटी पकडली. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात पोचला, तर नाना वही काढूनच बसले होते. आवक वही. तारीख, कुणाकडून, विषय, शेरा. रवानगीत असताना आलेला कागद वहीत चढवल्याशिवाय त्यांनी कधी हातावेगळा केला नव्हता, तीच सवय मेललाही लावली होती. केळीच्या फोटोंसाठी एकच ओळ होती: 'फोटो, असंख्य.' कुंदनच्या सूचना मात्र तारखांसकट अकराच्या अकरा. पहिलीसमोर शेरा, 'योग्य.' चौथीसमोर, 'पोरगा बरोबर सांगतो.' आठवीसमोर, 'कोणी ऐकत नाही असे दिसते.' अकरावीसमोर, 'आदेशाप्रमाणे साफसफाई केली.' कुंदनला पुढचं वाचता येईना. त्याने चष्मा काढून पुसला.

वही घेऊन कुंदन जळगावला परतला. संध्याकाळी अर्हमने ती चाळली.

"बरं. पुण्याचं राहू द्या," तो म्हणाला. "आणि कुंदनभाऊ, या पानांचे फोटो काढा आणि सगळ्यांना मेल करा. कळू दे त्यांना."

"आणि डिस्क?"

"बघू."

कुंदनने नऊ पानांचे नऊ फोटो काढले आणि त्रेचाळीस जणांना पाठवले. पाचच मिनिटांत 'पाहिले' येऊ लागलं, नऊही फोटोंसकट. तो डोकं धरून बसला, तेवढ्यात फोन वाजला.

"कुंदन, तुन्हा मेल उना," नाना म्हणाले. "नवी वही मा लिखी लिधा. आते पुसू का?"

"पुसा, नाना," कुंदन म्हणाला. "तुम्ही तरी पुसा."