मी फक्त पाड्याचं नाव घेतलं

डहाणूच्या साहित्य महोत्सवात रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकाची मुलाखत घ्यायला मला बसवलं, ही आयोजकांची चूक. बाकीच्या चुका माझ्या.

मी संघटनेची कार्यकर्ती. लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. माणसाचं नाव झाकायचं, गावाचं झाकायचं नाही, हा आमचा पहिला धडा. गाव छापलं नाही तर साहेब म्हणतात, असं कुठे घडलंच नाही.

लेखकाची पुस्तकं मी चिडून वाचली. प्रत्येकात हुशार खुनी आणि त्याच्याहून हुशार इन्स्पेक्टर. आमच्याकडे खून असा होत नाही, हे त्याला चारचौघांत ऐकवायचं, असं मी घरूनच ठरवून निघाले होते.

खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मसोलीच्या बायकांना मीच बोलावलं होतं. चिकूच्या वखारीत फळं निवडणाऱ्या. तिसऱ्या रांगेत मावशी बसली होती, ठेवणीतली साडी नेसून, आणि शेजारी तिची घरमालकीण. माझी सख्खी मावशी नव्हे. तलासरीकडच्या एका पाड्यावरची. तिच्या नवऱ्याने बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाला कोयत्याने मारलं. तो तुरुंगात आहे. मसोलीत तिने पाडा खरा सांगितला होता, पण नवरा बोटीवर असतो म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते मला माहीत, कारण त्याला वकील आम्हीच मिळवून दिला.

लेखक सभ्य निघाला. सकाळी चिखल्याच्या किनाऱ्यावर फिरून आला होता, चपलांना अजून वाळू होती. मी विचारलं, तुमच्या कादंबऱ्यांतली गावं सगळी खोटी का? खरं ठिकाण लिहायला घाबरता? लोक हसले. तोही हसला.

"घाबरतोच," तो म्हणाला. "खरं गाव लिहिलं की त्यातला खरा माणूस सापडतो."

टाळ्या पडल्या. मला तो पळपुटेपणा वाटला, आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्याही खुपल्या. मग मी सुटलेच. म्हटलं, आमच्याकडचा खून ऐका. बांध, दारू, वाटणीच्या कागदावर फसवून घेतलेला अंगठा, कोयता, घरात उरलेली बाई. नाव कुणाचंच घेतलं नाही. शेवटी, पत्रकाखाली टाकते तसं, पाड्याचं नाव टाकलं. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

टाळ्या त्याच्यापेक्षा जास्त पडल्या. मी लेखकाकडे बघत होते. त्याने मान खाली घातली, ती मला हार वाटली. मग तिसऱ्या रांगेकडे लक्ष गेलं. घरमालकीण मावशीकडे वळून बघत होती. मागच्या रांगेतली एक बाई पुढे वाकली. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. पुढचे सगळे प्रश्न मी कागदावरून वाचले.

तिला जा असं कुणीच म्हणालं नाही. घरमालकिणीने एवढंच विचारलं, तुझा नवरा बोटीवरून परत कधी येतो गं? वखारीत बायका तिच्यापासून थोड्या सरकून बसायला लागल्या. आठवड्याभरात तिने खोली सोडली. गुजरातच्या बाजूला बहीण असते, तिच्याकडे जाते म्हणाली. मी स्कूटरवरून तलासरीपर्यंत सोडायला गेले. तेवढं तरी करायचं होतं.

वाटेत मी म्हटलं, "मावशी, मी नाव नव्हतं घेतलं."

मागून तिचा आवाज आला.

"आमच्या पाड्यात तेवढं एकच झालंय, बाय."

हायवेवर बसची वाट बघत उभ्या राहिलो. गाठोडं माझ्या हातात होतं. तेवढ्यात भाजीची पाटी घेऊन उभी असलेली एक बाई माझ्याकडे बघून हसली. डहाणूला तू बोललीस ना, छान बोललीस, ती खुनाची गोष्ट, असं म्हणत ती जवळ आली.

मावशीने माझ्या हातातून गाठोडं काढून घेतलं.

"तू जा आता," ती हळूच म्हणाली. "माझ्याजवळ उभी राहू नको."

बस अजून आली नव्हती. मी स्कूटर वळवली.